तज्ज्ञ कोणास म्हणावें?

नांदुऱ्याच्या कापसाच्या बाजारांत गाडींतील कापूस चिमटींत धरून, त्याचा तंतु हलकेच ओढून, त्याची लांबी व बळकटी सांगणारा मनुष्य दिसतो. लोक त्यास 'माहीतगार' म्हणतात. 'तज्ज्ञ' कोणी म्हणत नाहीं. ती पदवी हातीं प्रमाणपत्र असलेल्या शहरच्या गृहस्थांसाठीं राखलेली असते. हा भेद शब्दांच्या अर्थांत आहे कीं आमच्या मनांत, हें त्या शब्दांच्या इतिहासावरूनच पाहूं.

संस्कृत शब्द प्रथम घेऊं. कुश हें धारदार गवत. हात न कापतां तें जो आणील तो 'कुशल', अशी परंपरागत व्युत्पत्ति आहे. वीणेंत जो श्रेष्ठ तो 'प्रवीण', पैलतीरास पोंचला तो 'पारंगत'. पाणिनीनें तर 'निष्णात' व 'नदीष्ण' हे शब्द कौशल्याच्या अर्थीं साधण्यास स्वतंत्र सूत्र रचिलें आहे. दोहोंचें मूळ 'स्ना', म्हणजे स्नान करणें. नदींत उतरून जो तिचें पाणी ओळखतो तो नदीष्ण. पूर्णाकांठच्या लोकांस याचा अर्थ सांगणें नको. उतार कोठें आहे हें पाय ओले केल्यावांचून कळत नाहीं. या सर्व शब्दांत हात, पाय व श्रम आहेत. 'तज्ज्ञ' म्हणजे केवळ 'तें जाणणारा'. तें त्यानें कसें जाणलें, याविषयीं शब्द मौन धरतो.

वऱ्हाडावर इमादशाही, मोगल व निजाम यांचा अंमल झाला, आणि दप्तराच्या व बाजाराच्या भाषेंत वाकबगार, माहीतगार, उस्ताद, हुन्नर, कसब हे फारशी-अरबी शब्द रुजले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश होऊन कारभारांतील अशा पुष्कळ शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी वरील शब्द मराठींतून गेले नाहींत. 'कसब' याचा अरबी अर्थ कमाई. ज्यावर पोट चालतें, त्यांतील चूक स्वतःसच भोंवते. म्हणून कसबी मनुष्य सावध असतो.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें; १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तज्ज्ञाच्या मतास कोर्टांत स्थान दिलें. तेथें तज्ज्ञ म्हणजे त्या विषयांत विशेष कुशल मनुष्य. पदवीची अट त्यांत घातलेली नाहीं. शिवाय मत ज्या आधारावर बसविलें, तो आधारही कोर्टास तपासतां येतो, आणि तें मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला. पण हें तत्त्व त्यानेंही राखिलें आहे.

तेव्हां भेद शब्दांत नाहीं, आमच्या मनांत आहे. शास्त्रशिक्षणाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. जमिनीचा खारेपणा व बियाण्याचे गुणदोष प्रयोगशाळेवांचून नेमके कळत नाहींत. परंतु प्रमाणपत्रवाल्याचें मत विनाचौकशी घ्यावयाचें व बाजारांतील माहीतगाराचें ऐकावयाचेंच नाहीं, हा न्याय नव्हे. दोघांसही एकच प्रश्न विचारावा: 'हें आपणांस कशावरून कळलें?' त्याचें उत्तर जो शांतपणें व पुराव्यानिशीं देईल, त्यासच आम्ही तज्ज्ञ म्हणूं, मग तो कागद घेऊन आलेला असो कीं बैलगाडी हांकीत.