गरोदरपणात न विचारलेला प्रश्न

मागच्या वेळी आपण मानसिक आजारांच्या प्रश्नावल्या कशा तयार झाल्या ते पाहिलं. आज त्यातलाच एक कोपरा पाहू. गरोदर बाईला खाण्याचा विकार आहे का, हे कधी विचारलं गेलं, कुणी विचारलं, आणि इतका उशीर का झाला?

आधी नावं बघू. ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी 1870च्या दशकात रूढ केलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लासेग यांनीही अशाच रुग्णांचं वर्णन केलं. ‘बुलिमिया’ला मात्र वेगळा आजार म्हणून नाव मिळायला 1979 साल उजाडलं. जेराल्ड रसेल यांनी 30 रुग्णांवरून तो मांडला. भरमसाट खायचं, मग ते उलटी करून किंवा जुलाबाचं औषध घेऊन बाहेर काढायचं, असं त्याचं स्वरूप. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अॅनोरेक्सियात पाळी बऱ्याचदा थांबते, त्यामुळे या बायका गरोदर राहतच नसणार असा समज होता. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण असतं. म्हणजे अशी बाई तपासणीला आली, तर नुसतं बघून काहीच कळत नाही.

1987 साल आमच्या दृष्टीने महत्त्वाचं. लेसी आणि स्मिथ यांनी उपचार न झालेल्या, बुलिमिया असलेल्या 20 स्त्रियांच्या गरोदरपणाचा अभ्यास छापला. महिने भरत गेले तसा त्रास कमी होत गेला. शेवटच्या तिमाहीत चारपैकी तिघींचा थांबला होता. पण बाळंतपणानंतर तो परतला, आणि जवळपास निम्म्या जणींची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली. काहीजणी मात्र कायमच्या सावरल्या. म्हणजे गरोदरपण ही मदतीची एक खिडकी होती. बाई स्वतःहून दवाखान्यात येते, पोटातल्या बाळासाठी बदलायला तयार असते. फक्त कुणी विचारायला हवं. त्याच वर्षी बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली आली आणि ती जगभर गेली. खाण्याच्या विकाराला तसं काही मिळालं नाही.

न विचारता बायका सांगतात का? 1990मध्ये टोरोंटोच्या डोना स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्या 66 स्त्रियांना प्रश्नावली दिली. सहापैकी साधारण एकीला कुठला ना कुठला खाण्याचा विकार निघाला. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला मात्र एकीनेही सांगितलं नव्हतं.

मग 1999मध्ये ‘स्कॉफ’ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली आली. तिच्या कर्त्यांमध्ये हेच लेसी होते. दोन ‘हो’ आले की पुढची चौकशी करायची. सोपी, तोंडी विचारता येणारी. पण ती गरोदर बाईला विचारून बघा. तीन महिन्यांत एक स्टोन, म्हणजे जवळपास साडेसहा किलो वजन घटलं का? अहो, इथे वजन वाढणं अपेक्षित आहे! पोट भरल्यामुळे अस्वस्थ वाटून मुद्दाम उलटी करता का? सकाळपासून मळमळणारी बाई याला काय उत्तर देईल? आणि डोहाळे लागलेले असताना खाण्याचा विचार सतत डोक्यात असणं, हा आजार म्हणायचा की कौतुक? आपल्याकडे तर त्याचं डोहाळजेवण होतं.

प्रश्न तोच राहतो, पण विचारण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो. हे 1989मध्येच दिसलं होतं. किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना एक पाश्चात्य प्रश्नावली दिली, तेव्हा काही मोजक्या प्रश्नांचा अर्थ वेगळा लागल्यामुळे गुण फुगले.

दरम्यान पुरावा साठत होता. इंग्लंडमध्ये एव्हनच्या, 1990च्या दशकाच्या सुरुवातीच्या मातांच्या नोंदींवरून 2007मध्ये दिसलं, की अॅनोरेक्सियाचा इतिहास असलेल्यांच्या बाळांचं जन्मवजन कमी होतं, आणि बुलिमियावाल्यांमध्ये आधीच्या गर्भपातांचं प्रमाण जास्त. त्याच वर्षी नॉर्वेच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की काहींना अनावर खाण्याचा विकार गरोदरपणातच नव्याने सुरू होतो.

खास गरोदर स्त्रियांसाठी बारा प्रश्नांची ‘पेब्स’ प्रश्नावली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातून आली ती 2022मध्ये. योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने म्हटलं, की लक्षणं नसलेल्या किशोरवयीनांची आणि प्रौढांची सरसकट चाळणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ही शंका रास्त आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे, आणि पुढे उपचारांची सोय नसेल तर नुसता शिक्का बसतो.

तरीही आम्हाला वाटतं, की प्रश्नावली ठरेपर्यंत गप्प बसायचं कारण नाही. दर भेटीला वजनकाट्यावर उभं करताना ‘पूर्वी कधी खाण्याचा, वजनाचा त्रास झाला होता का? आकडा बघायला नको वाटतो का?’ एवढं तरी, दार लावून, सासू आणि नवरा बाहेर असताना विचारता येतं. ‘दोन जिवांची आहेस, खा’ असं सगळेच सांगतात. तिला खाताना काय होतं, हे विचारणारं कुणीतरी हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.