दिवाबत्तीचे शब्द

घरपट्टीची पावती हाताशी असेल तर बघा, तिच्यात 'दिवाबत्ती कर' असा रकाना सापडेल. रस्त्यावर आता विजेचे दिवे आहेत, पण शब्द तेलवातीच्या काळातला आहे. तेव्हा उजेड महाग होता. देवापुढे रोज दिवा लागावा म्हणून राजे-सरदार देवस्थानाला जमीन इनाम देत आणि सनदेत 'दिवाबत्तीसाठी' असं लिहून देत. असे जुने कागद जपायला इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. ते आजही आमच्या सदाशिव पेठेत आहे. राजवाड्यांना शब्दांची मुळं शोधण्याचाही मोठा नाद होता.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण तेलाच्या दिव्याचीच. समईची सावली तिच्याच पायाशी पडते. छताला टांगलेल्या बल्बखाली वाढलेल्या पोरांना ती कशी कळणार? 'अक्कल पाजळू नको' म्हणतो, त्यातलं पाजळणं म्हणजेही दिवा पेटवणं.

आपल्या बचत गटात ज्याची धास्ती असते ते दिवाळं! पूर्वी बुडालेला व्यापारी दुकानात भरदिवसा दिवा लावून ठेवी, म्हणजे देणेकऱ्यांनी काय ते समजावं, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. मला मात्र ती रीत प्रामाणिक वाटते. हल्ली बुडणारे गुपचूप पळतात.

दिवा विझला असं आपल्या आज्या म्हणत नसत. दिवा शांत झाला, त्याला निरोप दिला, असं म्हणत. बांगडी फुटली तरी 'वाढवली'च. अशुभ तोंडून काढायचं नाही, ही काळजी बायकांनीच भाषेत जपली.

त्याच भाषेत 'वंशाचा दिवा' आहे, आणि तो फक्त मुलगा. दिव्याला रोज तेलवात करणारी बाई त्यात कुठेच नाही. त्याच मुलाने घराचं नाव घालवलं की तो 'दिवटा' होतो, हीसुद्धा दिव्याच्याच घरातली शिवी. दिवटी म्हणजे मशाल, खंडोबाच्या पूजेत बुधलीबरोबर असते ती. मग घोषणा आली, मुलगा दिवा तर मुलगी पणती. मला ती फारशी रुचत नाही. मुलीच्या वाट्याला पुन्हा लहानच दिवा!

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली बदल केला, देशाने २००५ साली, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी हक्कसोडपत्र पुढे सरकवताना 'अगं, तोच वंशाचा दिवा' हे वाक्य अजून ऐकू येतं. तुमच्यापुढे असा कागद आला तर सही लगेच करू नका. आधी सातबारा काढा आणि गटातल्या वाचणाऱ्या ताईकडून दोन्ही कागद मोठ्याने वाचून घ्या.