शीघ्र हृत्स्पंदन

प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे ठोके विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास सर्वसाधारणपणे ६० ते १०० पडतात. ही संख्या १०० च्या वर गेल्यास त्या अवस्थेस शीघ्र हृत्स्पंदन म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात टॅकिकार्डिया ही संज्ञा रूढ आहे. श्रम, भय, ज्वर, रक्तक्षय किंवा अवटू ग्रंथीचा अतिस्राव यांमुळे वाढणारी गती ही बहुधा हृदयाने शरीराच्या गरजेस दिलेली प्रतिक्रिया असते. याउलट काही वेळा दोष हृदयातील विद्युत् संवहनातच असतो. या दोहोंतील भेद ओळखणे हाच या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

नाडीच्या वेगाकडे भारतीय वैद्यांचे लक्ष पूर्वीच गेले होते. ज्वरात नाडी उष्ण व वेगवान होते, तसेच काम आणि क्रोध यांमुळे तिचा वेग वाढतो, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. मात्र हा वेग बोटांच्या स्पर्शाने पारखला जाई. इंग्रज वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाच्या साहाय्याने नाडी मोजण्याची पद्धत मांडली.

संख्या मिळाली, तरी कारण उमगले नव्हते. फ्रेंच वैद्य बूव्हरे यांनी १८८९ मध्ये अकस्मात सुरू होऊन अकस्मात थांबणाऱ्या शीघ्र हृत्स्पंदनाच्या झटक्यांचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांच्या तारयुक्त विद्युत्‌प्रवाहमापकामुळे हृदयाचा विद्युत् आलेख काढता येऊ लागला. १९०७ मध्ये कीथ व फ्लॅक यांनी उजव्या अलिंदातील स्पंदनारंभाची गाठ शोधली. १९१३ मध्ये माइन्स यांनी प्राण्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून विद्युत् आवेग एखाद्या वर्तुळाकार मार्गात पुनःपुन्हा फिरत राहू शकतो, असे दाखविले. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० मध्ये वर्णिलेल्या विकारात अलिंद व निलय यांना जोडणारा जादा मार्ग असतो, हे पुढे स्पष्ट झाले.

औषधोपचाराच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. येथील हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते अनुकंपी तंत्रिकांचा प्रभाव घटवीत असल्याने नाडीही मंदावते. परंतु विषण्णता यांसारख्या दुष्परिणामांमुळे त्याचा वापर पुढे घटला. १९६० नंतरच्या दशकात आलेल्या बीटारोधक औषधांनी तंत्रिकाजन्य शीघ्रता आवरणे अधिक सुलभ झाले.

वर्तुळाकार मार्गाचे निदान १९६७ पासून हृदयात विद्युत् अग्रे घालून करता येऊ लागले. १९८० नंतरच्या दशकात नलिकेद्वारे तो मार्गच नष्ट करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. रेडिओ कंप्रतेच्या ऊर्जेचा वापर केल्यास अशा अनेक रुग्णांना कायमचा गुण येतो.

२०२० मधील कोविड साथीत बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर येथे मोठे तात्पुरते उपचार केंद्र उभारण्यात आले. त्या काळात बोटाला लावावयाचे ऑक्सिजनमापक घरोघरी पोहोचले व त्यांवर नाडीचा आकडाही दिसू लागला. तथापि आकडा हे निदान नव्हे. १५० ठोके ज्वरामुळे, अलिंदातील विकारामुळे वा निलयातील विकारामुळे पडू शकतात. व्हेरापामिलसारखे एका प्रकारात उपयुक्त असलेले औषध दुसऱ्यात जीवघेणे ठरू शकते. झटक्याच्या वेळीच आलेख न काढल्यास, तो ओसरल्यावर सर्व काही प्राकृत दिसते आणि रुग्णाची तक्रार केवळ भीती म्हणून सोडून दिली जाण्याचा संभव असतो. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांसह आलेली शीघ्रता तातडीच्या उपचारास पात्र असते.