क्यूच्या बागेतला चिनी मनोरा

लंडन शहराच्या नैऋत्येला थेम्स नदीच्या काठी क्यू नावाची एक विख्यात बाग आहे. झाडांच्या शेंड्यांवरून डोके काढून तेथे एक मनोरा उभा आहे. दहा मजली, अष्टकोनी, विटांचा आणि प्रत्येक मजल्याला वेगळे छप्पर असलेला. उंची १६३ फूट. तळमजल्याची रुंदी २६ फूट आणि उंची १८ फूट. पुढे प्रत्येक मजला दोन्ही मापांनी एकेक फूट कमी होत जातो. इंग्लंडच्या ढगाळ आकाशाखाली ही चिनी वास्तू आली कशी, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

अठराव्या शतकात युरोपला चीनचे वेडच लागले होते म्हणा ना! चहा चीनचा, पेले चीनचे, रेशीम चीनचे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून भिंतींवरही चिनी चित्रांचे कागद. बागेत एखादा चिनी मंडप नसला तर सरदाराला चैन पडेना. यांपैकी बहुतेक मंडप चीनचे तोंडही न पाहिलेल्या कारागिरांनी बांधले होते.

क्यूच्या मनोऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याचा शिल्पकार विल्यम चेंबर्स याने चीन पाहिला होता. १७२३ साली स्वीडनमध्ये एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला हा तरुण स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीला लागला. पहिल्या सफरीत तो बंगालला आला आणि पुढे दोनदा कँटन बंदरी गेला. व्यापार सांभाळून त्याने तेथल्या इमारतींची चित्रे काढली व १७५७ मध्ये ती ग्रंथरूपाने छापली. राजमाता ऑगस्टा हिने त्याला आपल्या बागेचे काम दिले, आणि १७६२ मध्ये हा मनोरा पुरा झाला.

आता कोणी म्हणेल, चेंबर्सने चीन पाहिला म्हणजे सगळे यथातथ्य असेल. तसे नाही बरं का! त्या काळी परदेशी माणसाला कँटनच्या वखारींपलीकडे फारसे फिरू देत नसत. त्याने पाहिला तो चीनचा उंबरठा. चिनी मनोऱ्यांचे मजले बहुधा विषम असतात; सात, नऊ, तेरा. चेंबर्सने बांधले दहा!

आणि गंमत अशी की, हा मनोरा चिनी म्हणावा तर त्याचे मूळ आपल्याच भूमीत निघते. बौद्ध धर्माबरोबर आपला स्तूप चीनमध्ये गेला, तेथल्या उंच वाड्यांच्या बांधणीशी त्याचा मेळ बसला आणि त्यातून हे मनोरे उभे राहिले, असे अभ्यासक मानतात. कार्ल्याच्या लेण्यातील स्तूपावरचे लाकडी छत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी मनाशी त्या छत्रावर छत्र रचून पाहावे. क्यूच्या मनोऱ्याचा दूरचा पूर्वज त्यांना दिसेल.

प्रत्येक छपराच्या आठ कोपऱ्यांवर एकेक, असे ८० रंगीत लाकडी ड्रॅगन या मनोऱ्यावर होते. १७८४ मध्ये ते उतरवण्यात आले. मग लोकांनी वावडी उठवली की, ते सोन्याचे होते आणि राजघराण्याचे कर्ज फेडण्यासाठी विकले! लाकूडच ते, इंग्लंडच्या पावसात कुजले, एवढाच त्याचा अर्थ.

पण हे वेड एकतर्फी नव्हते. त्याच सुमारास पेकिंगजवळच्या आपल्या युआनमिंगयुआन उद्यानात चिएनलुंग बादशहा युरोपीय धर्तीचे संगमरवरी महाल आणि कारंजी बांधवून घेत होता. आराखडा कास्तिल्योने या इटालियन जेसुइटाचा. लंडनच्या बागेत चीन, पेकिंगच्या बागेत युरोप! दोघे शेजारी जणू एकमेकांच्या कुंपणावरून कौतुकाने डोकावत होते.

पुढे काय झाले? चहापायी इंग्लंडची चांदी चीनकडे वाहू लागली. ती भरून काढायला हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये जाऊ लागली. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातूनच जात असे. चीनने विरोध करताच युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात इंग्रज-फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन लुटले. आपल्या पकडलेल्या माणसांचा छळ होऊन काही मेले, त्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने १८ ऑक्टोबर १८६० रोजी उद्यानाला आग लावली गेली. त्या इंग्रज फौजेत हिंदी पलटणीही होत्या, हे आपण विसरू नये. तेथून आणलेले एक चिमुकले कुत्रे व्हिक्टोरिया राणीला नजर झाले. त्याचे नाव काय ठेवले असेल? ‘लूटी’! लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला.

ज्या देशाने चिनी मनोरा हौसेने बांधला, त्याच देशाच्या सैन्याने शंभर वर्षांच्या आत खरा चिनी राजवाडा जाळला. मनोऱ्याची हौस होती. पण ज्यांच्यासारखा तो बांधला त्या माणसांची ओळख करून घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. हौस ही बाजारातल्या मालासारखी असते. भाव उतरला की ती उतरते.

२०१८ मध्ये क्यूच्या मनोऱ्याची डागडुजी झाली आणि ८० ड्रॅगन पुन्हा कोपऱ्यांवर बसले. पेकिंगला मात्र त्या संगमरवरी महालांचे मोडके खांब तसेच उभे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लंडनचा मनोरा पाहताना हे खांबही डोळ्यांपुढे आणावेत. एकाची हकीकत दुसऱ्यावाचून पुरी होत नाही.