कृष्णा खोऱ्यातील वाइन

कृष्णा खोऱ्यातील वाइन म्हणजे सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर येथे उगम पावणाऱ्या कृष्णा नदीच्या खोऱ्यात, मुख्यतः सांगली जिल्ह्यातील पलूस परिसरात, तयार होणारी द्राक्षांची वाइन होय.

पार्श्वभूमी
राज्य शासनाच्या २००१ सालच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानुसार विंचूर (नाशिक) व पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. तासगाव भागातील थॉमसन सीडलेस हे द्राक्ष खाण्यासाठी व बेदाण्यासाठी वापरतात. शेनिन ब्लाँ, शिराझ यांसारखे मूळ फ्रेंच वाण बारीक मण्यांचे व बियांचे असतात. त्यामुळे कारखान्याने माल न उचलल्यास शेतकऱ्याला तो बाजारात विकणे किंवा त्याचा बेदाणा करणे कठीण जाते.

लागवड
शेनिन ब्लाँ हा फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील वाण आहे. तेथे वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते व काढणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

अनुरूप खाद्यपदार्थ
ल्वारमध्ये ही वाइन नदीतील मासे व शेळीच्या दुधाच्या चीजसोबत घेतात. तिखट तांबड्या रश्श्यासोबत किंचित गोडसर पांढरी वाइन अनुरूप ठरते. टॅनिन व मद्यार्क अधिक असलेल्या लाल वाइनमुळे तिखटाची जळजळ वाढते.