शेजाऱ्याची बढती आणि आपले समाधान

(१/७) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात एक चमत्कारिक कोडे समोर आले. ज्या दलात बढती झपाट्याने मिळे, तेथील सैनिक बढतीच्या व्यवस्थेवर अधिक नाराज होते. आणि जेथे ती क्वचितच मिळे, तेथील सैनिक तुलनेने समाधानी!

(२/७) समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांच्या नेतृत्वाखाली लष्कराच्या संशोधन शाखेने पाच लाखांहून अधिक सैनिकांची मते प्रश्नावल्यांतून नोंदवली होती. १९४९ मध्ये 'द अमेरिकन सोल्जर' या ग्रंथात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

(३/७) हवाई दलात सोबत्यांच्या बाहीवर भराभर नव्या फिती चढत. मागे राहिलेल्याला वाटे, मग मीच कोणाचे घोडे मारले? लष्करी पोलिसांत मात्र बहुतेक सारे एकाच पायरीवर उभे. बढती हुकलेल्याला सोबत भरपूर होती, आणि ती मिळालेल्याला तिचे अप्रूप.

(४/७) ग्रंथकर्त्यांनी याला 'सापेक्ष वंचितता' म्हटले. आपल्या ताटात काय वाढले आहे, एवढ्यावर माणसाचे समाधान ठरत नाही. शेजारच्या ताटाकडे त्याची नजर जातेच.

(५/७) याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. दक्षिणेत वर्णभेद कठोर होता. तरीही तेथील छावण्यांतले कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेतल्यांपेक्षा अधिक असमाधानी असतील, ही अपेक्षा फोल ठरली. दक्षिणेतील कृष्णवर्णीय नागरिकांची अवस्था इतकी हलाखीची होती की, तिच्यापुढे सैनिकाचा पगार आणि गणवेश मोठा वाटे. उत्तरेत मात्र कारखान्यांत चांगली मजुरी मिळवणारे बांधव डोळ्यांसमोर होते.

(६/७) म्हणजे ते समाधान न्यायाचा पुरावा नव्हते. १९४२ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने 'दुहेरी विजया'ची मोहीम उघडली : परदेशात हुकूमशाहीवर आणि मायदेशात वर्णभेदावर. येथे तुलनेचे माप बदलले होते. ते आता गोऱ्या सहनागरिकाच्या हक्कांचे होते. जुलै १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला.

(७/७) १९६६ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. जी. रन्सिमन यांनी दाखवले की, इंग्लंडमधील श्रमिक स्वतःची तुलना धनाढ्यांशी क्वचितच करत. त्यांची नजर आपल्यासारख्याच माणसांवर असे. त्यामुळे प्रचंड विषमताही फारशी खुपत नसे. तुलनेने मनःस्वास्थ्य हरपते, हे खरेच. परंतु ती मुळीच न करणाऱ्या समाजात अन्यायही निर्धास्त झोपतो.