बर्गन

बर्गन : नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऐतिहासिक बंदर व देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. परंपरेनुसार राजा ओलाव्ह किर्रे याने ते १०७० मध्ये वसविले. वस्ती त्याआधीचीही असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

व्यापार : सुमारे १३६० पासून १७५४ पर्यंत येथील ब्रिग्गेन धक्क्यावर हान्सा या जर्मन व्यापारी संघाची वखार होती. उत्तरेकडील लोफोतेन बेटांतून वाऱ्यावर सुकवलेला कॉड मासा येई आणि बदल्यात बाल्टिक प्रदेशातून धान्य. आगीच्या भयाने लाकडी घरांत विस्तव पेटवण्यास मनाई होती. स्वयंपाक व शेक मागील स्वतंत्र सभागृहांत होई.

उत्खनन : १७०२ च्या आगीनंतर ब्रिग्गेन जुन्याच आखणीवर पुन्हा बांधले गेले. १९५५ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि मोकळ्या झालेल्या जागी आस्ब्यर्न हेर्तेग यांनी खोदकाम हाती घेतले. ओलसर मातीत लाकूड टिकले होते. जुन्या आगींच्या राखेचे थर कालनिश्चितीस उपयोगी पडले, मात्र काही थरांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतील सुमारे ६७० लेख, बहुतेक लाकडी काठ्यांवर चाकूने कोरलेले. मालाला अडकवायच्या चिठ्ठ्यांवर मालकाचे नाव आहे. एका काठीवर गीदा नावाची स्त्री कुणाला तरी घरी परतायला सांगते. दुसरीवर एक व्यापारी आपल्या भागीदाराला कळवतो, की बियर मिळाली नाही आणि मासेही नाहीत. ख्रिस्ती धर्म रुजल्यावर ही लिपी लवकरच मागे पडली, हा समज या काठ्यांनी मोडला. राजांच्या इतिवृत्तांत न आलेली बाजारातली माणसे येथे स्वतःच्या शब्दांत भेटतात, म्हणून नॉर्वेच्या इतिहासलेखनात या शोधाला फार वरचे स्थान द्यावे लागते.

प्रेक्षणीय स्थळे : ब्रिग्गेनवरील ६२ इमारती टिकून आहेत (जागतिक वारसा, १९७९). दर्शनी रंगीत भिंती पाहून परतू नये. दोन रांगांमधल्या फळ्यांच्या बोळात शिरल्यावर डोक्यावरचे सज्जे व मागच्या बाजूची दगडी कोठारे दिसतात. आधी ब्रिग्गेन संग्रहालय पाहावे. ते उत्खननाच्या जागीच उभे असून बाराव्या शतकातील घरांचे पाये तेथे जागच्या जागी राखले आहेत. हाकॉन राजाचे सभागृह (१२६१) व बाराव्या शतकातील मारिया चर्च जवळच आहेत. १९४४ मध्ये बंदरातील जहाजाच्या स्फोटात सभागृहाची मोठी हानी झाली. पुढे ते दुरुस्त करण्यात आले.

संगीत : एडवर्ड ग्रीग (१८४३–१९०७) यांचे जन्मस्थान.

हवामान : पाऊस भरपूर, बाराही महिने.

दळणवळण : ऑस्लोशी १९०९ पासून रेल्वेने जोडलेले.